मामांचं मस्टर

पनवेलच्या महात्मा फुले महाविद्यालयात मी शिकलो ते तीन वाटांनी आलेल्या पैशांवर. पहिला पैसा कधी हाताला लागलाच नाही. ती ईबीसीची सवलत. तहसील कचेरीतून आणलेला उत्पन्नाचा दाखला जोडला, की फी तेवढी कमी व्हायची. दुसरा गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीचा. तो यायचा, पण परीक्षा उरकल्यावर. तिसरा 'कमवा आणि शिका' योजनेचा. रक्कम सगळ्यांत लहान, पण महिन्याच्या महिन्याला हातात पडणारी. माझं शिक्षण तगलं ते या तिसऱ्यावर, आणि ती वाट दाखवली ग्रंथालयातल्या मामांनी.

आमचं गाव नेऱ्याच्या पुढे. घरची भातशेती. भात विकून चार पैसे यायचे ते दिवाळीनंतर, आणि कॉलेज उघडायचं जूनमध्ये. मधले महिने लावणी-बेणणीच्या मजुरीची तोंडमिळवणी करण्यातच जात. फी कमी झाली तरी एसटीचा पास, वह्या, जर्नलं यांना रोकडा लागतोच. पहिल्या वर्षी भर पावसाळ्यात पास संपला आणि माझं कॉलेज थांबलं. परत गेलो तेव्हा पुस्तकाला उशीर का, असं मामांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. दंडाचा विषय न काढता त्यांनी खणातून एक अर्ज पुढे सरकवला. "हा भर. दाखल्याची नक्कल लाव. मुलाखतीला लाजू नको, काम मागतोयस, भीक नाय."

कॉलेज रयतचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, तेही गरिबाच्या मुलानं श्रम करून शिकावं याच पायावर. हे सगळं जयंतीच्या भाषणांत ऐकलेलं होतं. कळलं मात्र कपाटांवरची धूळ झटकताना. प्रॅक्टिकल सुटल्यापासून गावाची एसटी लागेपर्यंतच्या वेळात मामांनी माझं काम बसवून दिलं. परत आलेली पुस्तकं विषयवार लावायची, दाखल क्रमांक ताडून पाहायचे, सुटलेली पानं खळीनं चिकटवायची. परीक्षेच्या महिन्यात ते मला कामाला बोलावत नसत. ते तास आधीच्या महिन्यांत करून घेत. मस्टरवर त्यांनी माझं एक मिनिट कधी कापलं नाही, की दया म्हणून वाढवलंही नाही. त्यामुळे पैसे मिळायच्या दिवशी मला कुणापुढे ओशाळं व्हावं लागलं नाही. मामांचं खरं ऋण आहे ते हे.

पुढे अमेरिकेत जन्मलेल्या भाचीला तिथल्या कॉलेजचं मदतीचं पत्र आलं. अनुदान, कर्ज आणि 'वर्क-स्टडी' अशा तीन ओळी. घरच्यांनी तिन्ही आकडे फीतून वजा करून हिशेब मांडला. मी फोनवर म्हटलं, तिसरा वजा करू नका. 1964 च्या कायद्यानं तिथं सुरू झालेली ती योजना म्हणजे सरकारी मदतीतून दिली जाणारी मजुरी. पत्रातला आकडा ही मर्यादा असते. आधी काम मिळवायचं, तास भरायचे, मग पगार. तो सत्राच्या सुरुवातीची फी भरायला उपयोगी पडत नाही. पुस्तकं, प्रवास, वरखर्च यांना पुरतो. एवढं मी ठामपणे सांगू शकलो, कारण हा हिशेब मी पनवेलला अंगावर काढला होता.

आता कुणी मुलाच्या शिक्षणासाठी मदत मागायला आलं, की फीचा आकडा मी नंतर विचारतो. आधी विचारतो, दिवाळीपर्यंत येण्याजाण्याचं कसं करणार? आणि जमेल तिथं पैशांऐवजी काम देतो. तास मात्र चोख लिहितो, ना कमी, ना जास्त.