तसबिरींतील बंदूक

शिरूर येथील आमच्या जुन्या वाड्याच्या माजघरांत एक तसबीर पिढ्यान्‌पिढ्या टांगलेली आहे. पागोटें, अंगरखा व उपरणें अशा वेषांत एक सडपातळ गृहस्थ उभे असून त्यांच्या उजव्या हातांत दस्ता जमिनीस टेकविलेली लांब बंदूक आहे. हे आमचे खापरपणजोबा. ‘सत्तावन सालच्या बंडांत त्यांनीं ही बंदूक गोऱ्याच्या हातांतून हिसकावून घेतली,’ असें आमच्या आजीनें आम्हांस सांगितलें. तिला तें तिच्या सासूबाईंनीं सांगितलें होतें. पुढें तीस वर्षांच्या मास्तरकींत आम्हींही प्रत्येक वर्गास ही कथा मोठ्या अभिमानानें ऐकविली.

गतवर्षीं घराण्याचा कुलवृत्तांत छापण्याचें ठरलें आणि मजकूर तपासण्याचें काम आमच्याकडे आलें. मूळ आधार नसलेलें कांहीं लिहावयाचें नाहीं, अशी मल्लिनाथाची प्रतिज्ञा होती, हें आम्ही जन्मभर इतरांस शिकविलें. तेव्हां आपल्या घरापुरती तिला सूट कशी द्यावी? आम्ही भिंग घेऊन बसलों. नळीला लाकडाशीं जखडणारे तीन पट्टे आणि बाहेरच्या बाजूस घोडा स्पष्ट दिसत होता. इंग्रजी फौजेची १८५३ ची एन्फील्ड बंदूक अशीच तीन पट्ट्यांची होती, व तिच्याच काडतुसांच्या चरबीवरून सत्तावनचा भडका उडाला होता. आजीच्या शब्दास आधार मिळाला म्हणून आम्हांस धन्यता वाटली.

तरी जाणकाराचा निर्वाळा असावा, या हेतूनें तसबीर शालींत गुंडाळून आम्ही दौंडास गेलों. राज्य राखीव पोलीस दलाच्या शस्त्रागारांत बंदुका दुरुस्त करण्यांत उभी हयात घालविलेला आमचा एक जुना विद्यार्थी तेथें राहतो. शब्दरूपें चालवितांना हा नेहमी रडकुंडीस येई. त्यानें तसबीर उजेडांत धरली व थोड्या वेळानें नम्रपणें म्हणाला, “गुरुजी, पट्टे पाहूं नका. घोडा कोठें पडतो तें पाहा.”

एन्फील्ड ही ठासणीची बंदूक. दारू व गोळी तोंडाकडून भरावयाची, आणि मागें नळीच्या बुडाशीं बसविलेल्या टोपीवर घोडा आपटावयाचा. आमच्या तसबिरींत मात्र नळीच्या बुडाशीं एक लहानसा ठोकळा दिसत होता. हा ठोकळा बिजागरीवर पेटीच्या झाकणासारखा उजवीकडे उघडतो आणि काडतूस मागून आंत जातें. जेकब स्नायडर नांवाच्या अमेरिकनाची ही युक्ति १८६६ सालीं इंग्रजी फौजेनें स्वीकारली व हजारों जुन्या एन्फील्ड बंदुकांच्या नळ्या मागून कापून त्यांत हे ठोकळे बसविले. लाकूड तेंच, पट्टे तेच. म्हणून आमच्यासारखा हौशी माणूस फसतो.

“म्हणजे ही बंदूक द्विज निघाली!” असें आम्ही हंसून म्हणालों खरे, पण मन खट्टू झालें. १८६६ नंतर अस्तित्वांत आलेली वस्तु १८५७ सालीं कोण हिसकावून घेणार?

विद्यार्थ्यानें आणखी एक गोष्ट सांगितली. सत्तावननंतर सरकारनें देशी पलटणींच्या हातीं गोऱ्यांपेक्षां एक पिढी मागची बंदूक ठेवण्याचें धोरण धरलें. १८७१ पासून गोऱ्यांस मार्टिनी-हेन्री मिळूं लागली. तिला बाहेर घोडा नसतो, चापामागें खालीं एक दांडा असतो. २७ जुलै १८८० रोजीं अफगाणिस्तानांत मैवंद येथें अयूबखानानें इंग्रजी फौजेचा पराभव केला, तेव्हां गोऱ्या ६६ व्या पलटणीजवळ मार्टिनी होत्या, तर मुंबईच्या ग्रेनेडियर्स व जेकब्स रायफल्स या देशी पलटणींजवळ स्नायडर. “ही बंदूक कोणा देशी शिपायाची असावी, गुरुजी,” तो म्हणाला. “मागची फळी काढून पाहूं या का?”

गंजलेले खिळे निघाले. पुठ्ठ्याच्या पाठीवर मोडींत एक ओळ होती. ती त्याला वाचतां येईना; आम्हांस आली. ‘शके १८०३, कंदाहाराहून आल्यावर. कमिसरिएट.’

शके १८०३ म्हणजे १८८१. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें इंग्रजी फौजेनें कंदाहार सोडलें. कमिसरिएट म्हणजे फौजेचें रसद खातें. शिरूर ही तेव्हां छावणी; पूना हॉर्स या रिसाल्याचें ठाणें येथें बराच काळ होतें. आमचे पूर्वज पीठ, तूप व दाणावैरण यांचा हिशेब लिहिणारे कारकून असावेत, आणि बंदूक फोटोपुरती शेजारच्या शिपायाकडून मागून घेतलेली. ज्यांच्याशीं ते लढले असें आम्ही सांगत आलों, त्यांचीच चाकरी त्यांनीं केली होती.

घरीं हें सांगतांच तरुण मंडळी कुरकुरूं लागली. जुनी गोष्ट छापली तर कोण तपासावयास येणार, असें एकानें विचारलेंही. नव्वदी गांठलेल्या काकू सर्व ऐकत होत्या. त्यांनीं एवढेंच विचारलें, “मैवंदास किती माणसें पडलीं रे?” आम्हीं सांगितलें, सरकारी फौजेचींच नऊशेंहून अधिक. काकू बराच वेळ तसबिरीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्या मुलखांतून हे धड परत आले, म्हणून आपण सारे आहोंत. तसेंच लिही.”

कुलवृत्तांतांत आतां त्या तसबिरीखालीं तेवढेंच छापलें आहे: साल, कंदाहार, रसद खातें, आणि ‘बंदूक स्नायडर, बहुधा दुसऱ्याची’. ज्या घरीं अशा जुन्या तसबिरी असतील, त्यांनीं पुढच्या बाजूवर भिस्त न ठेवतां एकदां मागची फळीही काढून पाहावी. आणि आमच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हें वाचीत असेल, तर त्यानें आपल्या वहींत एवढी दुरुस्ती करून घ्यावी. चूक गुरुजींची होती.