माळ्यावरच्या वस्तूंचे क्रियापद

ती. आत्याबाईंस,
मु. पो. पांढरकवडा, तालुका केळापूर



घरातील जुन्या, अनोळखी वस्तूंची ओळख पटविताना 'याला काय म्हणतात' हा प्रश्न सहसा सर्वांत आधी विचारला जातो आणि शोध बहुतेक वेळा तिथेच अडतो. कारण नाव माणसांच्या तोंडी असते आणि माणसांबरोबर जाते, पण वस्तूने जन्मभर जे काम केले त्याच्या खुणा तिच्या अंगावर राहतात. म्हणून नामाच्या आधी क्रियापद शोधावे. वस्तू कांडत होती, भरडत होती, पाखडत होती, पिंजत होती, पेरत होती, की नुसतेच काही धरून ठेवीत होती, हे एकदा ठरले की नाव मागाहून सापडते, आणि न सापडले तरी फारसे बिघडत नाही. माळा उतरविल्यावर निघालेल्या वस्तूंची जी छायाचित्रे आपल्याकडून आली, त्यांच्यावरचे हे टिपण त्याच रीतीने लिहिले आहे. पत्राच्या मानाने ते लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

तळाला तीन भोके असलेला लाकडी वाडगा आपण पाहताक्षणी ओळखलात. नातवंडांनी त्याला मेणबत्त्यांचे घर ठरविले, यात त्यांचाही दोष नाही. हे चाडे आहे. चाडे म्हणजे तिफणीवर, म्हणजे पेरणीच्या अवजारावर, बसविलेले, पेरणारा ज्यात मुठीने बियाणे सोडतो ते पात्र. त्याच्या भोकांतून बी बांबूच्या पोकळ नळ्यांत उतरते आणि फणांनी उकरलेल्या ओल्या तासात पडते. भोके किती यावरून अवजार कळते: दोन असतील तर दुफण, तीन असतील तर तिफण, आणि एकच असेल तर ते सरत्याचे तोंड, म्हणजे तिफणीमागे दोरीने बांधून ओढल्या जाणाऱ्या व बहुधा बाईमाणसाच्या हाती असणाऱ्या, तुरीसारखे जोडपीक पेरण्याच्या नळीचे. परंतु या चाड्यातील खरी वाचण्यासारखी गोष्ट त्याच्या काठावर आहे. छायाचित्र मोठे करून पाहिले असता काठाच्या एकाच बाजूला, तळहाताची कड टेकते तेवढ्या रुंदीची, गुळगुळीत आणि किंचित खोल गेलेली जागा दिसते, तर बाकीचा काठ खरबरीत राहून त्यावर सुताराच्या वाकसाचे घाव अजून मोजता येतात. किती हंगाम तिथे कोणाचा तरी हात टेकला आणि मूठ हळूहळू सैल होत गेली, याचा तो हिशेब आहे; नाव ठाऊक नसलेल्या माणसालाही त्यावरून इतके सांगता यावे की या भांड्यात वरून काहीतरी थोडे थोडे, सतत आणि एकाच हाताने सोडले जात होते.

चाडे माळ्यावर का गेले, याचे उत्तर मात्र चाड्यात नाही, कापसाच्या बियाण्यात आहे. पूर्वी सरकी, म्हणजे कापसाचे बी, शेणमातीत चोळून तिच्यावरचे तंतू बसवून घेत, म्हणजे ती एकमेकीला न चिकटता नळीतून सुटी उतरे. १९७० मध्ये गुजरातेत एच-४ हा संकरित कापूस आला आणि २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. पाकिटातले विकतचे बी मुठीने ओतण्याइतके स्वस्त राहिले नाही, ते एकेक करून टोबावे लागते, म्हणजे ठरावीक अंतरावर बोटाने किंवा काडीने मातीत खोचावे लागते. ज्वारीच्या जागी सोयाबीन आणि बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, तेव्हा उरलेसुरले कामही संपले. 'चाड्यावर मूठ धरणे' हा वाक्प्रचार तेवढा पेरणीच्या बातम्यांतून दरवर्षी मृगात भेटतो.

कापसाच्या मुलखातील माळ्यावर कापसाचीच हत्यारे जास्त निघावीत हे ओघानेच आले, आणि नेमकी तीच आज सर्वांत परकी वाटतात. दुसऱ्या छायाचित्रातील हातभर लांबीचा, एका टोकाला मळसूत्रासारखे तिरपे आटे कोरलेला लाकडी दांडा हा रेच्याच्या लाटेचा असावा. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचे घरगुती यंत्र: दोन लाटा एकमेकींना जवळजवळ चिकटवून बसविलेल्या, त्यांच्या टोकांचे आटे एकमेकांत अडकलेले, त्यामुळे एकच मूठ फिरविली तरी दोन्ही लाटा उलटसुलट फिरत, फटीतून रुई पलीकडे जाई आणि सरकी जाड म्हणून अलीकडेच गळून पडे. दात्यांची चाके ओतून घेण्याची सोय नसलेल्या सुताराने लाकडातच ही युक्ती साधावी, याचे कौतुक जितके करावे तितके थोडे. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला विलायतेत एकाएकी मागणी आली, पुढे वाफेवर चालणारी जिने आली आणि रेचा हळूहळू बाजारातून उठला. घरात मात्र वातींपुरता आणि गादीपुरता कापूस हातानेच साफ होत राहिला. त्याच छायाचित्रात मागे पडलेली, मधे जाड आणि दोन्ही टोकांना निमुळती लोखंडी सळई त्याच कामाची दिसते: पाटावर थोडा कापूस ठेवून त्यावरून ही सळई लाटली की सरकी पुढे निसटते. ती सळई गंजलेली असूनही मध्यभागी अजून चकाकते, ही साक्ष पुरेशी आहे.

तिसऱ्या छायाचित्रातील लाकडी डंबेलने घरातील सर्वांना चकविले असे दिसते. व्यायामाचे डंबेल जोडीने असतात आणि वजनाला भरीव असतात. हे एकटे आहे, हलके आहे, आणि याच्या एका गोल टोकाच्या कडेवर बारीक खाच पडलेली आहे. ती खाच तातीची आहे. पिंजारी, म्हणजे कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारा कारागीर, आपल्या धनुकलीला जनावराच्या आतड्याची तात लावीत असे आणि या ठोकळ्याच्या कडेने ती तात ओढून सोडीत असे; तिच्या थरथरीने कापसाचे पुंजके मोकळे होत. दारोदार फिरणाऱ्या माणसाचे हत्यार आपल्या माळ्यावर कसे आले, हे त्या ठोकळ्याला विचारून कळणार नाही. पैशाच्या मोबदल्यात राहिले असेल, विसरून गेला असेल. आपल्या आठवणीत काही असल्यास अवश्य कळवावे.

लोखंडी आकड्यांच्या जुडग्याविषयी मात्र थोडे परखड लिहावेसे वाटते. आपल्याकडे गंजलेली आणि टोकदार अशी कोणतीही वस्तू सापडली की तिला लढाईत नेण्याची घाई होते. पांढरकवड्याला तर त्यासाठी निमित्तही आहे, कारण एप्रिल १८१८ मध्ये कर्नल अ‍ॅडम्सने दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेचा पराभव केला तो गावाजवळच्या शिवणी येथे; तेव्हा हे आकडे 'पेशव्यांच्या पळापळीत पडलेले शस्त्र' असल्याचे शेजाऱ्यांचे मत समजण्यासारखे असले तरी मान्य करण्यासारखे नाही. शस्त्राला धरायला मूठ लागते. इथे मूठ नाही, वर फक्त कडी आहे आणि ती कडी आतून दोराने घासली गेली आहे. आकड्यांची टोके बाहेर वळलेली नसून वर वळलेली आहेत, आणि त्यांपैकी दोन टोके दगडावर आपटून बोथटली आहेत. विहिरीत पडलेली बादली किंवा कळशी काढण्यासाठी दोराने सोडायचा हा गळ आहे. एके काळी आळीत एखाद्याच घरी तो असे आणि बादली पडली की सगळे त्या घरी मागायला येत; तेव्हा तो ज्या घरी निघाला त्या घराचा मान शस्त्राने वाढला असता त्याहून कमी वाढतो असे नाही.

सुटे लोखंडी कडे बहुधा मुसळाच्या टोकाची वसवी असावी. त्याची एक कड दुसरीपेक्षा पातळ झाली आहे का, हे बोट फिरवून पाहावे. एकात एक बसणारी तीन पितळी मापे ही धान्याची आहेत. शेर हा शब्द वजनालाही लागे आणि मापालाही, त्यामुळे जुन्या वह्या वाचताना फसगत होते: वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा, तर धान्याचा शेर हे भांडे, आणि असे चार शेर म्हणजे पायली. १९५६ च्या कायद्यानंतर, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक पद्धत आली; तिची लोखंडी वजने षट्कोनी आहेत, तेव्हा माळ्यावरच्या पेटीत षट्कोनी वजन निघाले तर ती पेटी त्यानंतरही उघडली गेली होती, इतके निश्चित समजावे.

या कामी पुस्तकांचा उपयोग किती, असे आपण विचारले आहे. मोल्सवर्थचा कोश (१८३१, वाढवलेली आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' यांत अवजारांची, त्यांच्या सुट्या भागांची नावे आश्चर्य वाटावे इतकी आहेत. १९१५ चा त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' कोणाचे काम कोणते, हे सांगतो. पण कोशाचे दार नावाच्या बाजूने उघडते, आणि इथे हातात वस्तू आहे, नाव नाही. त्यापेक्षा संग्रहालये बरी. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी अडकित्ते, दिवे, वजऱ्या, दौती अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर जमवून, दिवंगत मुलाच्या नावाने पुण्यात संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये ते शासनाला देऊन टाकले. तिथे एकाच कामाच्या अनेक वस्तू शेजारी शेजारी पाहिल्या की आपल्या हातातली कोणाची बहीण हे कळते. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाची मांडणीही देशवार नसून कामावार आहे. आपल्याला मात्र इतके लांब जायला नको. वर्ध्याचे मगन संग्रहालय १९३८ पासून ग्रामोद्योगासाठीच चालले आहे, आणि कापसाच्या हत्यारांची शंका फेडायला त्याच्याइतकी जवळची जागा नाही.

एक विनंती कळकळीची आहे. दिवाळी जवळ आली म्हणून ही भांडी चिंच लावून घासू नयेत. जाळीच्या झाकणाची पितळी डबी हे त्याचे उदाहरण: ती मिठाची म्हणावी, भस्माची म्हणावी, की टीपकागद येण्यापूर्वी ओली शाई टिपण्यासाठी कागदावर भुरभुरविण्याच्या वाळूची म्हणावी, हे झाकणाच्या कडेला आतून जे अडकले असेल त्यावर ठरेल. मोडी कागद उलगडताना आजही चकाकणारे कण हाताला लागतात. तसा एखादा कण डबीत निघाला तर वाद मिटला. घासल्यावर उरेल ती फक्त स्वच्छ डबी. भांड्यांवर ठिपक्यांनी कोरलेली नावे आणि वर्षे मात्र कोरड्या फडक्याने पुसून उतरवून घ्यावीत. शके असल्यास ७८ मिळवावेत, आणि वऱ्हाडातल्या कागदांत आढळतो तसा फसली सन असल्यास सुमारे ५९०.

उरली ती शेवटच्या छायाचित्रातील बांबूची वस्तू: हातभर कांब, तिचे एक टोक चिरून फाकवलेले आणि त्या चिरफळ्यांत बारीक कामट्यांनी विणलेला शंकू. उंचावरचे फळ झेलायला दांडा आखूड आहे, मासे धरायला वीण फार दाट आहे. तिचे क्रियापद अजून ठरलेले नाही, आणि मराठी कोशात तिचे नाव शोधण्यात कदाचित अर्थही नाही, कारण केळापूर तालुक्यात मराठीच्या शेजारी गोंडी आहे, तेलंगणाच्या बाजूने येणारी तेलुगू आहे, आणि कोलामी ही द्रविड कुळातली स्वतंत्र भाषा आहे, जी बोलणाऱ्या कोलामांचा बांबूच्या टोपल्या-ताटव्यांचा हात सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा बाजाराच्या दिवशी जवळच्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, एखादी म्हातारी बाई आली तर ती वस्तू तिला दाखवावी. 'हे काय आहे' असे विचारू नये. नुसती तिच्या हातात द्यावी आणि ती कोणते टोक धरते, शंकू वर करते की खाली, आणि दुसरा हात कुठे जातो, एवढे पाहून कळवावे.

 

आपला आज्ञाधारक भाचा