'सैराट'ची आर्ची आणि आपल्या लेकी

२०१६ चा उन्हाळा आठवतो ना? बीड जिल्ह्यात जनावरे चारा छावणीत होती, शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी येत होते. त्या एप्रिलात काही नवे चित्रपट लागले. 'द जंगल बुक' पोरासोरांनी पाहावा असा. शाहरुख खानचा 'फॅन' मला लांबलेला वाटला. २९ तारखेला नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला आणि पडद्यावर आपलीच विहीर, आपलाच ऊस दिसला.

लोक 'झिंगाट'वर नाचले. मला भावली ती ट्रॅक्टर चालवणारी आर्ची. गावोगाव फिरताना मी पाहतो, खुरपणी-वेचणी बायांकडे, ट्रॅक्टर मात्र पोराकडे. आर्चीच्या घरी तो लेकीलाही मिळाला. पण त्याच घराला तिने स्वतः निवडलेला जोडीदार खपला नाही. जातीपुढे पोटची लेक हलकी ठरली. शेवटी संगीतही थांबते. लहानग्याची रक्ताळलेली पावले तेवढी उमटतात.

हा चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा गाणी संपली म्हणून उठू नका. लेकीला शेजारी बसवा, शेवटपर्यंत पाहा. मग ती काय म्हणते, ते मुकाट्याने ऐकून घ्या.