पंखा, पप्पा आणि पृथ्वी

आमच्या हॉस्टेलमध्ये एकूण १८० पंखे आहेत. हा आकडा रेक्टर मॅडमनाही माहीत नव्हता. मला माहीत आहे, कारण गेल्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्टसाठी मी आणि माझी रूममेट वही घेऊन खोली न् खोली फिरलो. खोलीला कुलूप, बाई मेसमध्ये, आणि खिडकीतून डोकावावं तर आत पंखा एकटाच गरगरतोय! का नाही गरगरणार? हॉस्टेलची फी एकरकमी. बिल कॉलेज भरतं. बटण बंद करण्याचा फायदा कुणालाच दिसत नाही.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे दरवर्षी 'सेव्ह अर्थ' पोस्टर स्पर्धा असायची. माझं पोस्टर ठरलेलं : एका बाजूला रडणारी पृथ्वी, दुसऱ्या बाजूला काळा धूर ओकणारी फॅक्टरी. बक्षीसही मिळायचं. त्यामुळे कंपनी म्हणजे व्हिलन हे डोक्यात पक्कं बसलेलं. प्रोजेक्ट करताना मात्र गोंधळ उडाला.

झालं असं की, साधा सीलिंग फॅन साधारण ७५ वॉट खातो. त्यात इंडक्शन मोटर असते आणि रोटरमध्ये करंट निर्माण करण्यातच बरीच ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. बीएलडीसी पंख्यात रोटरवर कायमचे चुंबक असतात आणि कोणत्या कॉइलला कधी करंट द्यायचा हे एक छोटं सर्किट ठरवतं. वारा तेवढाच, पण २८ ते ३५ वॉटमध्ये! आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या मनोज मीना आणि सिबब्रत दास यांनी २०१२ साली ॲटमबर्ग कंपनी काढली आणि २०१५ मध्ये असे पंखे बाजारात आणले. पुढे मोठमोठ्या जुन्या कंपन्यांनाही बीएलडीसी पंखे काढावे लागले. म्हणजे इथे व्हिलनच हिरोचं काम करत होता.

आम्ही हिशेब मांडला. एका पंख्यामागे ४५ वॉटची बचत, दिवसाला १५ तास, वर्षाचे २७० दिवस : झाले १८२ युनिट. १८० पंख्यांचे जवळजवळ ३२,८०० युनिट. आपली बरीचशी वीज अजून कोळशावर होते, त्यामुळे एका युनिटमागे ढोबळमानाने ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एकट्या आमच्या हॉस्टेलचे वर्षाला सुमारे २३ टन! दहा रुपये युनिट धरलं तर सव्वातीन लाख रुपये वाचतात. २८०० रुपयांचा पंखा धरला तर खर्च पाच लाख. दीड वर्षात वसूल.

खुशीत घरी फोन लावला. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि जुने १८० पंखे?"

"भंगारात, पप्पा."

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "बरंय. अभ्यास कर."

फोन ठेवल्यावर माझी ट्यूब पेटली. पप्पांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मार्च ते मे म्हणजे जळालेल्या पंख्यांचा सीझन. तांब्याची तार, वार्निशचा वास, बेअरिंग, कंडेन्सर... माझी कॉन्व्हेंटची फी याच पंख्यांतून गेली आणि इथली फीसुद्धा त्यातूनच येते. मी एका पीपीटीत पप्पांचं दुकान बंद करून मोकळी झाले होते!

दिवाळीत घरी गेले तेव्हा दुकानात एक बीएलडीसी पंखा उघडून ठेवलेला होता. पप्पा म्हणाले, "हे बघ, कॉइल चांगली आहे. बोर्ड गेलाय. कंपनीकडे पाठवा म्हणतात. तुम्ही इंजिनियर लोक वीज वाचवता ते बरोबर आहे. पण गावातल्या माणसाला दुरुस्त करता येईल असं बनवायला काय होतं तुम्हाला?"

मला उत्तर देता आलं नाही.

व्हायवाला सरांनी विचारलं, "एवढा फायदा आहे तर लोक आपणहून का करत नाहीत?" याचं उत्तर मात्र तयार होतं. जो पंखा विकत घेतो तो बिल भरत नाही, आणि जो वापरतो त्याला बिल दिसत नाही. इथे नुसता बाजार पुरत नाही. एलईडी बल्बचंच बघा. बनवले खासगी कंपन्यांनी, पण सरकारने एकगठ्ठा खरेदी केली म्हणून खरेदीचा भाव २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. २०१५ च्या उजाला योजनेत असे ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. पंख्यांनाही १ जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं झालं. कंपनी वस्तू बनवते, स्पर्धेत स्वस्तही करते. पण कुठल्या दिशेने पळायचं, हे कोणीतरी ठरवून द्यावं लागतं.

मग मी रिपोर्टमध्ये शेवटचं एक पान वाढवलं. पंखे घेताना कॉलेजने दोन अटी घालाव्यात : बोर्ड सुटा विकत मिळावा आणि गावोगावच्या रिवाइंडिंगवाल्यांना त्याची दुरुस्ती शिकवावी. सर म्हणाले, "हे एनर्जी ऑडिटमध्ये कुठे बसतं?" मी म्हटलं, "सर, पंखा दुरुस्त न होता फेकला गेला तर नवा बनवायलाही वीज लागतेच की!" सर हसले. मार्क किती दिले ते विचारू नका.

सध्या प्रस्ताव ऑफिसमध्ये आहे. पप्पा जळालेल्या बोर्डांवर हात साफ करतायत, मी त्यांना फोनवर सर्किट समजावते. कधी ते मला समजावतात. पोस्टर काढायला सांगितलं तर आता फॅक्टरी आणि पृथ्वी यांच्या मध्ये एक छोटं दुकानही काढीन म्हणते.

असो. नवे पंखे येतील तेव्हा येतील. तोवर मैत्रिणींनो, मेसला जाताना बटण तेवढं बंद करा. त्याला कुठलीच कंपनी लागत नाही!