ऐकत बसणारी ओळ

दिवाळीत ताई आली होती, सोबत भाची. बाईसाहेब यंदा बारावीला, पण डोकं सगळं जावास्क्रिप्टमध्ये. चकली खाता खाता विचारते, "मामा, सर्व्हर म्हणजे नक्की काय रे?"

असं कोणी विचारलं की मला चेव येतो (घरच्यांना हे चांगलंच ठाऊक आहे). नोड २००९ साली आलं. त्यात मी पहिला सर्व्हर लिहिला तो जेमतेम सहा ओळींचा. विनंती आली की हे उत्तर दे, आणि शेवटची ओळ 'लिसन'. म्हणजे अमुक पोर्टवर ऐकत बस. सर्व्हर काय असतो ते मला त्या ओळीत कळलं. तोवरचे माझे सगळे प्रोग्राम काम उरकून संपायचे. हा संपेचना. नुसता कर्सर लुकलुकतोय. मला वाटलं अडकला, म्हणून दोनदा कंट्रोल-सी मारून बंद केला!

आता मी डेनो वापरतो. नोडचा कर्ता रायन डाल याने २०१८ साली बर्लिनमध्ये नोडमधल्या आपल्याच चुकांची यादी वाचली आणि त्याच भाषणात डेनो दाखवलं. इथे नेटवर्क वापरायचं किंवा फाइल वाचायची तर आधी परवानगी लागते. २०२४ साली १.४३ या आवृत्तीत 'डेनो सर्व्ह' ही आज्ञा आली. फाइलमधून फक्त एक 'फेच' नावाचं फंक्शन बाहेर द्यायचं. त्याला रिक्वेस्ट मिळते, त्याने रिस्पॉन्स परत करायचा. पोर्ट उघडणं, ऐकत बसणं हे सगळं ती आज्ञाच बघते. सांगितलं नाही तर पोर्ट ८०००. त्या पोर्टवर ऐकायची परवानगीसुद्धा वेगळी द्यावी लागत नाही. फाइल वाचायची असेल तर मात्र मागावी लागते, आणि ते बरोबरच आहे.

भाचीने चार ओळी लिहिल्या, आज्ञा दिली, पान उघडलं. पहिल्या फटक्यात! ती खूश. मी मात्र जरा खट्टू. माझी लाडकी ओळ तिला दिसलीच नाही ना.

आई झोपाळ्यावर बसून ऐकत होती. ती तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. बोर्डावरची झडप पडली की प्लग खोचायचा आणि नंबर विचारायचा. बाकी वेळ झडपांकडे बघत बसायचं. म्हणाली, "म्हणजे तुमचं एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं म्हण की."

"तुला वाईट वाटलं होतं का गं तेव्हा?"

"छे रे, रात्रपाळी सुटली! तू लहान होतास, तुला शेजारी झोपवून जावं लागायचं." झोपाळ्याला पायाने एक झोका दिला. "पण गावात कोण आजारी, कोणाचं जमलं, ते आम्हाला आधी कळायचं. ते गेलं."

यावर काय बोलणार? मी इतकी वर्षं त्या ऐकत बसण्याचं कौतुक करतोय, आणि जिने ते खरोखर केलं तिला ते सुटल्याचा आनंद झाला होता.

फायदाही आहेच म्हणा, उगाच नाकारू नये. फाइलमध्ये आता फक्त उत्तर देणं उरलंय. त्यामुळे पोर्ट न उघडताच त्या फंक्शनच्या हातात एक रिक्वेस्ट द्यायची आणि काय परत येतं ते तपासायचं. भाचीला हे लगेच पटलं. तिने एक चुकीचा पत्ता देऊन ४०४ येतो का तेही पाहिलं.

तरी रात्री मी हट्टाने तिच्याकडून नोडमधल्या त्या जुन्या सहा ओळी लिहून घेतल्या. डेनो सर्व्ह निदान आपण कुठे ऐकतोय ते छापतो तरी. हा मुखदुर्बळ, काहीच बोलत नाही. तिने एंटर दाबलं. कर्सर लुकलुकायला लागला.

"मामा, हा हँग झाला का रे?"

तिची बोटं कंट्रोल-सीकडे निघालीच होती. म्हटलं, थांब जरा.