कपिलधार, वहिनी आणि टर्म इन्शुरन्स

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले दोन महिने एकाच कामात गेले, आणि ते काम इतकं रुक्ष आहे की त्यावर पोस्ट टाकावी असं वाटलंच नव्हतं. पण गेल्या रविवारी मावसभावाचा फोन आला, "तू कुठल्या कंपनीचा टर्म घेतलास रे? नाव सांग, मीपण तोच घेतो." नाव सांगून टाकणं सोपं होतं. पण नुसतं नाव सांगितलं तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल, म्हणून हे लांबण.

सुरुवात कपिलधारपासून करावी लागेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं, मांजरसुंब्याजवळ आत वळलं की बालाघाटाच्या डोंगरात हे ठिकाण आहे. मन्मथ स्वामींची समाधी आणि शेजारी धबधबा. आमच्यासारख्या लिंगायत घरांतून कार्तिकी पौर्णिमेला इथे दिंड्या येतात, पार कर्नाटक-तेलंगणातूनसुद्धा. आईची वारी चुकत नाही. २०२५ साली पौर्णिमा ५ नोव्हेंबरला होती. गर्दीत तिला चालवत नाही म्हणून यात्रा उलटल्यावर चार दिवसांनी गेलो. आई, तात्या, वहिनी, वहिनीची दोन मुलं आणि मी. सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला त्यानं शिवारं खरवडून नेली, पण धबधब्याला नोव्हेंबरातही पाणी होतं. पायऱ्यांच्या कडेला बायका सीताफळं विकत होत्या. मुलं पाण्याकडे पळाली, आई समाधीपाशी बसली, आणि मी वहिनीला म्हणलं, "वहिनी, मी टर्म इन्शुरन्स घेतोय. कंपनी कशी बघायची?"

हा प्रश्न वहिनीलाच का, ते सांगतो.

दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, फेब्रुवारी २०२३ मध्ये गेला. वय ४१. रात्री छातीत दुखलं, पहाटे बीडला दवाखान्यात नेलं, दुपारी संपलं. चौदा महिने आधी त्यानं ५० लाखांचा टर्म प्लॅन घेतला होता. आमच्या सगळ्या खानदानात असला विमा घेणारा तो पहिला! त्याचं कौतुक मी इथेच एका पोस्टमध्ये केलं होतं. दहावं-तेरावं झाल्यावर आम्ही सगळे मनातल्या मनात त्याच ५० लाखांवर भरवसा ठेवून होतो. मुलांची शिक्षणं होतील, वहिनीला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही, वगैरे.

सहा महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. दावा नामंजूर. दवाखान्याच्या केसपेपरवर डॉक्टरांनी विचारून लिहिलेली एक ओळ होती, तंबाखू, १५ वर्षे. आणि प्रस्ताव अर्जात, तंबाखूचं सेवन करता का, याच्यापुढे "नाही". अर्ज एजंटनं भरला होता. दादानं सही केली होती, इंग्रजीतल्या चौदा पानांवर, बहुधा मोटारसायकलच्या सीटवर ठेवून. पत्रासोबत भरलेल्या हप्त्यांचा चेक होता. वहिनी म्हणाली, "भाऊजी, पैसे आले की." तिला वाटलं, हाच पहिला हप्ता असेल.

कंपनीचं नाव मी इथे लिहिणार नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, तारखा पडताहेत.

त्याच वेळी दुसरी एक गोष्ट झाली, ती आठवली की अजून गंमत वाटते (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सापडत नाही). दादाच्या बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापले जायचे, पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजनेचे. ते पासबुकात वहिनीला दिसले. बँकेत मृत्यूचा दाखला, आधार आणि एक फॉर्म दिला, आणि २ लाख तिच्या खात्यावर आले. ४३६ रुपयांचे आले, वर्षाला दहा हजार भरलेल्याचे आले नाहीत. ते २ लाखही टिकले नाहीत म्हणा. आठवड्याच्या आत दादाची हातउसनी देणी दारात उभी राहिली.

तर माझा प्रश्न ऐकून वहिनी काही वेळ धबधब्याकडे बघत बसली. मी तोवर आपलं ज्ञान पाजळायला सुरुवात केली. पुण्याहून येताना सगळा अभ्यास करून, एक्सेल शीट बनवून नेली होती. आयटीवाल्याची खोड.

त्या शीटमधला पहिला रकाना होता क्लेम सेटलमेंट रेशोचा, म्हणजे शंभर दाव्यांपैकी किती दिले. हा आकडा दरवर्षी विमा नियामकाच्या, म्हणजे इर्डाच्या, अहवालात येतो आणि प्रत्येक जाहिरातीत ठळक छापलेला असतो. बहुतेक कंपन्या ९७-९९ च्या घरात. दादाच्या कंपनीचाही तसाच होता! मग दादा त्या उरलेल्या एक-दोन टक्क्यांत कसा गेला? जरा खोदल्यावर कळलं की या आकड्यात मृत्यूचे सगळे वैयक्तिक दावे एकत्र असतात. आपल्या आजोबांची पंचवीस हजारांची जुनी एंडोमेंट पॉलिसी आणि दादाचा ५० लाखांचा टर्म, दोन्ही एकेकच धरतात. समजा शंभर दावे आले. ९८ जण एकेक लाखाचे, त्यांना दिले. दोघं एकेक कोटीचे, त्यांना नाकारलं. रेशो ९८ टक्के! पण पैशात बघा: मागितले २ कोटी ९८ लाख, दिले ९८ लाख. तेहतीस टक्केसुद्धा भरत नाहीत. माझं उदाहरण मुद्दाम टोकाचं आहे, पण त्यामुळे बघायचं काय ते कळतं. इर्डाच्या अहवालात रकमेचाही आकडा असतो, आणि दोन आकड्यांत मोठी फट असेल तर मोठे दावे कुठेतरी अडताहेत असं समजावं. शिवाय एका वर्षाचा आकडा बघून उपयोग नाही, चार-पाच वर्षांचे ओळीनं बघावेत.

दुसरा रकाना सॉल्व्हन्सीचा. उद्या सगळी देणी अंगावर आली तर कंपनीकडे पुरेसं आहे का, याचं माप. किमान दीड असावं लागतं. तेवढं प्रत्येकीचं असतंच, म्हणून यात मी फार वेळ घालवला नाही. कंपनी बुडेल ही भीती आपल्याकडे उगाच मोठी आहे. पण ती भीती कुठून येते तेही मला माहीत आहे.

तात्यांनीच ती बोलून दाखवली. ते मागे येऊन कधी बसले कळलंच नाही. "पीकविम्यासारखंच असंल की हे. भरायचं आन् बसायचं."

बीडच्या माणसाला विमा कंपनीबद्दल काही शिकवायला जाऊ नये हेच खरं. २०२० च्या खरिपात पीकविम्यासाठी बीड जिल्हा घ्यायला एकही कंपनी पुढे येत नव्हती, इतका हा जिल्हा तोट्याचा. शेवटी सरकारी कृषी विमा कंपनीनं घेतला, तोही अटीवर: जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत भरपाई कंपनी देणार, त्यावरची राज्य सरकार, आणि भरपाई ८० टक्क्यांच्या खाली राहिली तर कंपनीनं २० टक्के ठेवून बाकी सरकारला परत करायची. यालाच पुढे "बीड पॅटर्न" म्हणायला लागले. त्यात तात्यांनी वीस वर्षांत पीकविमा किती भरला नि किती मिळाला याचा हिशेब त्यांच्या तोंडपाठ आहे. आणि वर २०२३ नंतर एका मल्टिस्टेटमध्ये त्यांची ठेव अडकली, ती वेगळीच. अशा माणसाला मी सॉल्व्हन्सी रेशो सांगत होतो!

मी म्हणलं, तात्या, पीकविम्यात तुमचं नुकसान अख्ख्या मंडळाच्या सरासरीवर ठरतं. इथे तसं नाही. माणूस गेला की गेला, सरासरी नसते. त्यावर तात्या एवढंच म्हणाले, "मंग पोराचं काय झालं?"

मला उत्तर देता आलं नाही.

"एलआयसीचं घे. सरकारी हाय," हा त्यांचा सल्ला. तो मी हसण्यावारी नेला नाही. १९५६ च्या जानेवारीत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं, २४५ छोट्यामोठ्या कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून १ सप्टेंबरला एलआयसी झाली. (तोवर देशमुख मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेरही पडले होते. आपला मराठी माणूस!) एलआयसीच्या पॉलिसीला कायद्यानंच केंद्र सरकारची हमी आहे, ती खाजगी कंपन्यांना नाही. पण खाजगी कंपनी गेली म्हणून पॉलिसी वाऱ्यावर जात नाही. आयएनजी वैश्य लाइफची २०१४ मध्ये एक्साइड लाइफ झाली, आणि २०२२ मध्ये ती एचडीएफसी लाइफमध्ये विलीन झाली. पाटी दोनदा बदलली, पॉलिसी चालू राहिल्या. दादाच्या बाबतीत तर कंपनी धडधाकट होती. घोळ अर्जात होता.

मग वहिनी बोलली. तिला विम्यातलं, मला वाटलं होतं त्याच्या दसपट कळतं. तीन वर्षांत कळून घ्यावं लागलंय.

"भाऊजी, तुम्ही बघायलात कंपनी तुम्हाला कशी वागवती. तुम्ही कुठं असणार तवा? जाऊबाई जाणार कागद घेऊन. त्यांना कसं वागवतात ते बघा."

तिला पाच वेळा छत्रपती संभाजीनगरला जावं लागलं होतं, कारण बीडच्या ऑफिसात फक्त पॉलिसी विकायचे. हेल्पलाइनवर इंग्रजी नाहीतर हिंदी.

पुण्याला परत आल्यावर मी एक्सेल शीट बंद केली. म्हणजे खोटं कशाला बोला, अगदी बंद नाही केली. यादी आठवरून तीनवर आणली, आणि त्या तिघींना बायकोला फोन करायला लावला. सांगितलं, तू म्हण, "माझे मिस्टर गेले, काय कागद लागतील?" तिला ते वाक्य बोलवेना. दोन दिवस भांडण झालं. शेवटी "माझ्या दिरांचं" असं म्हणून तिनं केलं, आणि ते खोटंही नव्हतं. एकीनं बावीस मिनिटं गाणं ऐकवलं. दुसरीनं पॉलिसी नंबर नाही म्हणताच फोन ठेवला. तिसरीकडच्या मुलीनं मराठीत सांगितलं, आधी बसा, लिहून घ्या, आणि कागदांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. मी तिसरी घेतली. तिचा हप्ता दुसरीपेक्षा वर्षाला दीड हजारानं जास्त आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, त्यात तो भरून निघाला असं मी बायकोला पटवलं.

आता अर्ज. मावसभावा, हे नीट वाच. पॉलिसी निघाल्यापासून तीन वर्षं झाली की विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार कंपनीला अर्जातल्या कशावरूनही पॉलिसी उकरून काढता येत नाही. त्याआधी येते. दादा चौदाव्या महिन्यात गेला. २०१५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की लपवलेल्या आजाराचा मृत्यूशी संबंध नसेल तर दावा नाकारता येणार नाही. आमचे वकील त्याचा आधार घेतात. पण तंबाखू आणि हृदयविकार यांचा संबंध नाही हे कोणत्या तोंडानं सांगणार? २०१९ च्या दुसऱ्या निकालात, दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीची घेतलेली पॉलिसी अर्जात सांगितली नाही, एवढ्यावर दावा गेला. म्हणून मी कॉलेजात असताना एजंटकाकांनी गळ्यात मारलेली एलआयसीची मनीबॅकसुद्धा लिहिली. गृहकर्ज आहे म्हणून विवाहित महिला संपत्ती कायद्याखालीही खूण केली, १८७४ चा कायदा, त्यानं ही रक्कम बायकोमुलांची होते, देणेकऱ्यांना हात लावता येत नाही. ते २ लाख आठवले होते.

आणि तंबाखूचा प्रश्न.

मी सिगारेट ओढतो. ऑफिसच्या खाली, टपरीवर. घरी बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं. "नाही" लिहिलं तर हप्ता सतरा हजार, "होय" लिहिलं तर सत्तावीस. स्क्रीनवर कर्सर लुकलुकत होता, आणि मी चक्क विचार करत होतो की महिनाभर सोडली तर लघवीच्या तपासणीत कळेल का. दादाच्या नावानं वर्षभर कंपनीला शिव्या दिलेला मी! शेवटी वहिनीला व्हिडिओ कॉल लावला, स्क्रीन दाखवली. तिनं मुलाकडून एकेक ओळ मराठीत करून घेतली, त्या ओळीवर आली, माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही. "व्हय लिहा," म्हणाली. लिहिलं.

रक्त-लघवी घ्यायला मुलगा घरी आला तेव्हा नेमकी आई पुण्यात होती. वाती वळत बसली होती. तो गेल्यावर म्हणाली, "लघवी कशाला रे नेली?"

"तंबाखू, सिगारेट घेतो का बघायला."

"मग?"

"फॉर्ममध्ये होय लिहिलंय."

दोन-तीन वाती झाल्या. मग न बघताच म्हणाली, "किती?"

"चार."

"खरं सांग."

"त्यांनापण तेवढंच लिहून दिलंय आई," मी म्हणलं.