लीड्सचं नाव, हलचं नशीब

लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून सुटलेली गाडी सव्वादोन तासांच्या आसपास लीड्सला पोचवते. स्टेशनाबाहेर पडून हेडरो रस्ता ओलांडला की विद्यापीठाचा चढ सुरू होतो. वूडहाऊस लेनवर पार्किन्सन इमारतीचा पांढरा मनोरा दिसला की रस्ता विचारायची गरज उरत नाही. या विद्यापीठाचं ब्रदरटन ग्रंथालय नामांकित आहे, ते मी बाहेरूनच पाहिलं. मला बघायचं होतं ते जेवणघर, म्हणजे रिफेक्टरी.

‘द हू’ या ब्रिटिश बँडने १४ फेब्रुवारी १९७० रोजी या रिफेक्टरीत कार्यक्रम केला आणि त्याच वर्षी मे महिन्यात ‘लाइव्ह ॲट लीड्स’ बाजारात आला. मैफलीतल्या ध्वनिमुद्रणावर बेतलेल्या रॉक अल्बमांत त्याला अनेक जाणकार आजही पहिला मान देतात. भिंतीवर निळी पाटी आहे. बँडच्या चौघांपैकी हयात असलेले दोघे, रॉजर डाल्ट्री आणि पीट टाउनशेंड, २००६ मध्ये इथे पुन्हा गायला आले होते, तेव्हाची. पाटीच्या आत मात्र ट्रे, रांग आणि बटाट्याच्या चिप्सचा वास. मला हे फार आवडलं. इंग्रजांनी त्याचं संग्रहालय केलं नाही, पोरांना जेवू दिलं.

मुळात हा कार्यक्रम ठरला तो कंटाळ्यातून. १९६९च्या अमेरिका दौऱ्यात बँडने एकामागून एक कार्यक्रम टेप करून आणले होते. ते सगळं ऐकत बसायच्या कल्पनेनंच टाउनशेंड वैतागला आणि ध्वनितंत्रज्ञ बॉब प्रिडनला म्हणाला, जाळून टाक. मग लागोपाठ दोन रात्री ठरवल्या: शनिवारी लीड्स, रविवारी हल. पाय कंपनीचं आठ ट्रॅकचं फिरतं यंत्र भाड्यानं आणलं.

लीड्सच्या त्या रात्री दोन तासांहून अधिक वाजवलेल्यातली फक्त सहा गाणी मूळ तबकडीत आली. ‘टॉमी’ या त्यांच्या रॉक ऑपेराचा मोठा भाग वाजला होता, तो ऐकायला २००१ची आवृत्ती यावी लागली. तबकडीत मुख्यतः तीनच वाद्यं आणि एक मुख्य गळा, पण जॉन एन्टविसलचा बास नुसता ठेका धरत नाही, तो गिटारशी भांडतो, आणि कीथ मूनचे ड्रम दोघांच्याही मध्ये तोंड घालतात. वेष्टन मुद्दाम चोरट्या तबकडीसारखं: साधा पुठ्ठा, त्यावर रबरी शिक्का मारल्यासारखं नाव. तारांच्या बिघाडानं आलेली खरखर मूळचीच आहे, असं लेबलवर बजावलेलं. आपल्याकडे खासगी बैठकांच्या टेप हातोहात फिरायच्या, त्यांत खोकले आणि कपबश्यांचे आवाजही असायचे. त्या कानांना या खरखरीचं अप्रूप नाही.

संध्याकाळी हलची गाडी पकडली. तासाभराचा प्रवास. उजवीकडची खिडकी मिळाली तर सोडू नका: शेवटी हंबरचं रुंद, मातकट पात्र सोबतीला येतं आणि हेसलला गाडी १९८१ साली खुल्या झालेल्या झुलत्या पुलाखालून जाते. हलमध्ये टेलिफोनची खोकी लाल नाहीत, फिकट मलईच्या रंगाची आहेत. इथली टेलिफोनसेवा पूर्वीपासून वेगळी होती. सिटी हॉल स्टेशनापासून चालत काही मिनिटांवर, व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यासमोर.

१५ फेब्रुवारीला बँड इथे वाजला. सभागृह खास कार्यक्रमांसाठीच बांधलेलं, जेवणघराहून किती तरी भारदस्त. पण मुंबई-पुण्यातल्या बँडप्रेमींतही ‘लीड्स’ म्हटलं की माना डोलतात, ‘हल’ म्हटलं की ‘कुठे?’ असा प्रश्न येतो. कारण एवढंच, की त्या रात्री सुरुवातीच्या काही गाण्यांत एन्टविसलचा बास टेपवर उतरलाच नव्हता. एक ट्रॅक मुका निघाला आणि अल्बमला नाव लीड्सचं मिळालं. टेप कपाटात पडून राहिल्या. २०१० मध्ये संगणकाच्या मदतीनं लीड्सचा बास त्या गाण्यांना जोडून हल पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. एन्टविसल २००२ मध्येच गेला होता.

शनिवारचा बास रविवारच्या गाण्यांवर बसतो, यावरून चौघांची लय किती पक्की असेल ते कळतं. तरी माझं मत लीड्सच्याच बाजूनं: तिथली धार हलमध्ये थोडी कमी आहे. पण हल ऐकल्याशिवाय ती धार मोजता येत नाही. दोन्ही मुद्रणं लागोपाठ ऐका, आणि लीड्सला गेलात तर हलचंही तिकीट काढा.